सरकून बसा

१

काय म्हनलं तू सिंधूले, आपल्या बहिनीले? "भाऊजीच्या डोक्यात ऊन गेलं, त्याईले कांदा हुंगव"? अबे साळ्या, तू ये न इथं. बस त्या गाडीत. मंग मी तुह्या नाकाले कांदा लावतो.

लोखंडाले काही ध्यान राह्यत नाही म्हनतं. इंजन म्हंजे पिस्टन, तेल आन हवा, बाकी काही नाही म्हनतं. मले शिकवतं तू? मी जीप चालवून राह्यलो होतो तेव्हा तू माह्या लग्नात जोडे लपवत फिरत होता.

फोन उचलत नाही म्हून हे असं बोलून राह्यलो. रोशनीनं शिकवलं होतं मले, बटन दाबून धरायचं आन बोलायचं. पुरं ऐक, धम्मानंद. मधातच बंद करू नको. शिव्या देईन त्या सोडून दे, बाकीचं ऐक. मले राग येते हे साऱ्या गावाले मालूम आहे. पन हा राग नाही. राग आला की माह्ये हात गरम होतात. सकाळपासून हात थंडे पडले आहेत.

आन मले भूतबाधेचं नको सांगू. तुह्या घरी जे फोटो भिंतीवर आहेत तेच माह्या घरी आहेत. गाडीले निंबू-मिरची म्या जन्मात बांधली नाही. अमुशेच्या दिवशी मुद्दाम गाडी काढनारा मानूस मी. बाया नाक मुरडत, मी हासत जाये. म्हून म्हनतो, ऐक.

गोष्ट तुह्या भाचीची आहे, माह्या रोशनीची.

३ नंबरचा गिअर टाकून पळून नको जाऊ. सुरवातीपासून सांगतो.

२

जीपचं जुनं इंजन धूर मारे. चढावर कार्टं खोकलते तशी खोकले. तूच म्हनलं, "भाऊजी, किती दिवस याचं तोंड पुसता? पिकअपचं एक इंजन आलं आहे, कमी चाललेलं, टाकून देतो. म्हातारीच्या आंगात पोरीचं काळीज." असंच म्हनलं होतं न? हासला होता.

मी तुह्या नागपूरच्या ग्यारेजवर आलो तेव्हा इंजन जमिनीवर टायरच्या रिंगीवर ठेवलं होतं. तू वायरब्रशनं घासून चकचकीत केलं होतं. म्या एकच गोष्ट विचारली, कोन्त्या गाडीचं आहे. तू म्हनलं, भंगारात कटलेल्या. म्या म्हनलं, कोन चालवे ती गाडी, कुठं चाले? तर तू त्या पोट्ट्याईसमोर म्हनलं, "काहून, सोयरीक करायची आहे का इंजनाशी? गोत्र पाहता?"

बंदे हासले. मीही हासलो. तिथंच म्या तोंड बंद केलं.

चेनकुप्पीच्या साखळीनं ओढून तुम्ही जुनं काढलं, नवं उतरवलं, फौंडेशन वेल्डिंग केलं. चाबी फिरवली अन् पहिल्याच खेपेत चालू. काय आवाज होता गा! सुपारी उभी ठेवली असती बोनटावर तर हालली नसती. मी खरं सांगतो, मले लय बरं वाटलं होतं. तुले शाबासकी देली होती म्या. ती वापस दे.

रोशनी त्या दिवशी संगच होती. मामीसोबत बर्डीच्या बाजारात जाऊन आलती, पिवळा स्कार्फ घेतला होता. तोच बांधून माह्या बाजूले पुढे बसली, कानात वायरी घालून. मागं कोनी नव्हतं. मागं फक्त तू देलेला तेलाचा डबा आन माहा पाना.

३

आता जीपवाल्याची एक गोष्ट तुले मालूम आहे, पन ध्यानात ठेव. मी आरसा पाहून गाडी थांबवत नाही. आमच्याकडे कोनताच जीपवाला पाहत नाही. मागं संत्रा तोडनाऱ्या बाया बसतात, ताडपत्रीतून आवाज पुढे येत नाही. ज्याले उतरायचं ते टिनावर एक थाप मारते. धप्प. गाडी थांबली. उतरनारं उतरलं, चढनारं चढलं, की दोन थापा. धप्प धप्प. गाडी निघाली. इतक्या वर्षात माहा पाय थापेवर आपोआप चालते. डोकं मधात येतच नाही.

कळमेश्वर सोडलं, काटोलच्या अलीकडे ते मोठं वळन आहे, जिथं जुना रस्ता नाल्याकडे जाते आन पुढे बंद होते. दिवसाउजेडी, चार-साडेचारची वेळ असन. मागून थाप पडली.

धप्प.

माहा पाय ब्रेकवर गेला. गाडी बाजूले घेतली. आन जे रोज म्हनतो ते तोंडातून निघालं, "चला, बसा बसा. सरकून बसा."

म्हनल्यावर मले समजलं, मागं कोनीच नाही. मी आपल्यावरच हासलो. पन हासता हासता पाह्यलं, तर बाजूची रोशनी सरकली होती. कानात वायरी, डोये मोबाईलात, आन सरकून माह्या गिअरपाशी आली होती, जशी बसमधे बाजूले कोनी आलं की आपन सरकतो.

"काहून सरकली वं?"

"तुम्हीच म्हनलं न, सरकून बसा."

मंग दोन थापा पडल्या.

आन माह्या पायानं क्लच सोडला. डोकं मधात आलंच नाही.

तिथून पुढचा चढ मी रिकामी गाडी चौथ्यात घेतो. त्या दिवशी दुसरा टाकावा लागला. खाली गाडी आन भरेल गाडी मले स्प्रिंगच्या पाट्याच्या आवाजावरून समजते, धम्मा. भरेल जीप बोलत नाही, दबून चालते. ती दबून चालली होती. घरापर्यंत.

४

तुले फोन केला तर तू म्हनलं इंजनातले टॅपेट वाजून राह्यले, ते जमवतो. इंजन मोकळं झालं की ओढ येईन. आलाही तू, टॅपेट जमवले, सिंधूच्या हातची पाटवडी वाटीभर खाल्ली आन गेला. मलेही पटलं होतं. मी सोताले समजावलं, गड्या, नवं इंजन, जुनं आंग, थोडं नखरे करनारच.

मंग संत्र्याची तोडनी सुरू झाली. तुळसाबाईची टोळी आपल्याच गाडीत जाते, तुले मालूम आहे ती तुळसाबाई, जिच्या तोंडापुढे तलाठी टिकत नाही. रोज चढतांनी मले चार गोष्टी ऐकवते. त्या दिवशीही, "नत्थू, गाडीचं काळीज बदललं म्हनते, तुहंही बदलून घेतलं असतं."

चढल्या बंद्या. दोन थापा. निघालो.

बाया गप्प होत्या. मले वाटलं पहाटचा गारवा आहे. फाट्यावर म्या सहज मागं वळून पाह्यलं. त्या साऱ्या मागच्या फळीकडे दाटून बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर एक, टोपले डोक्यावर धरून. माह्या पाठीमागचे दोन्ही बाक खाली. एकदम खाली.

"काहून वं तुळसाबाई, पुढे जागा आहे न!"

तर ती चिडली. "कुठं आहे जागा? तुह्या डोस्क्यावर बसू?"

भेलेली नव्हती ती. हेच तर सांगून राह्यलो. भेली असती तर म्या समजून घेतलं असतं. ती रोजच्यावानी चिडली होती, गर्दीत मानूस चिडते तशी.

वाडीत उतरल्यावर म्या एकटीले विचारलं, "गर्दी कोनाची होती?" तिनं तोंड उघडलं सांगायले. सांगता सांगता गाडीकडे पाह्यलं, मंग खाली बाकाकडे.  मंग पदर खोचला आन झाडाकडे गेली. दिवसभर तिनं कोनाले शिवी देली नाही.

दुसऱ्या दिवसापासून टोळी पायी जाते.  मी गाडी घेऊन उभा राहतो आन त्या बाजूनं जातात, रस्ता सोडून, वावराच्या धुऱ्यानं.

५

मी म्हनलं, मानसाच्या डोक्याले भरम होऊ शकते, काट्याले होत नाही. संत्र्याचा माल घेऊन नागपूरले कळमन्याच्या मंडीत गेलो होतो, क्यारेट खाली केले आन मुद्दाम धरमकाट्यावर गाडी चढवली. खाली गाडीचं वजन करून दे म्हनलं. मी एकटाच. मीही उतरून बाजूले उभा राह्यलो.

काट्यावरचा पोरगा काचेमागून भोंग्यात बोलला, "ओ भाऊ, मानसं उतरवा न आधी. वजनात येतात ते."

"कोनते मानसं?"

त्यानं वर पाह्यलं. डोये चोळले. "बरं," म्हनला, आन चिठ्ठी काढून देली.

वजन बरोबर होतं. खाली जीपचं जेवढं पाह्यजे तेवढंच. मले इतकं बरं वाटलं की म्या त्या पोराले चहा पाजला. म्हनलं, पाह्य नत्थू, काटा खोटं बोलत नाही, तूच येडा झाला.

पन गाडी काट्यावरून उतरवली तेव्हा बाजूले रात्रीच्या पान्याचा चिखल होता. मी खाली उतरून मागं पाह्यलं. चाकं रिंगीपर्यंत रुतून गेले होते. भरल्या गाडीवानी. आन मागचे पाटे सपाट झाले होते, जसे वऱ्हाड बसल्यावर होतात.

काटाही खरा, चिखलही खरा. आता सांग, तुह्या पिस्टन-तेलात हे कुठं बसते?

६

तरी म्या गाडी चालवली. हे माहं चुकलं. काहून चालवली? कारन रोशनीचं कॉलेज नरखेडले, सकाळची एसटी कधी येते कधी नाही, आन पोट्टीचा पेपर होता.

ती पुढे बसे. रोज थोडी माह्याकडे सरके. एक दिवस तिचा गुडघा गिअरले लागला, तिसरा पडेचना. मले राग आला. ओरडलो, "सरक तिकडे! अर्धी सीट खाली पडली आहे!"

ती हासली. "बाबा, तुम्ही पन न. जागा कुठं आहे?"

आन तिनं आपली बॅग मांडीवर उभी धरली, दोन्ही हातांनी, गर्दीत धरतात तशी. तिच्या पलीकडे खिडकीपर्यंत सीटची रिकामी रेग्झिन. मी त्या रेग्झिनकडे पाहून राह्यलो होतो. त्याच्यात खड्डा होता. मानूस बसल्यावर पडते तेवढा.

कॉलेजपाशी तिले उतरवलं. ती माह्या बाजूनं उतरली, माह्या गुडघ्यावरून, "सरका न बाबा" म्हनत. दुसरीकडून उतरायले वाट नव्हती म्हने.

त्या दिवशी गाडी आंगनातल्या चिंचेखाली लावली. चाकाले दगड लावले. बॅटरी काढून घरात आनली. रोशनीले म्हनलं, आता एसटीनंच जायचं.

"काहून?"

"मी म्हनतो म्हून."

 संध्याकाळी दिसलं, तिच्या डोक्याले स्कार्फ नाही. सिंधूनं विचारलं तर म्हने, "गाडीत आहे. जागा धरून ठेवली."

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात न? तशी.

७

गावातल्या वेल्डिंगवाल्याले बोलावलं. चिंचेच्या फांदीले चेनकुप्पी बांधली, फौंडेशनचे बोल्ट खोलले, पाइप काढले. आता इंजन सुटं. दोन जनानं ओढायचं, वर यायचं. ओढलं. साखळी तनली. अजून ओढलं. फांदी वाकली, साल फाटलं, इंजन काही सुटेना. मानूस हात धरून बसल्यावानी बसलं होतं. वेल्डिंगवाल्यानं साखळी गुंडाळली, हात पुसले, म्हनला, "ज्यानं बसवलं त्याले बोलाव." चहाले थांबला नाही.

म्या म्हनलं, इंजनासगट जीपच ओढून नेतो आन नाल्यात ढकलतो. ट्रॅक्टर आनला, दोर बांधला. तर रोशनी आली आन दोर धरून उभी. "काय करता बाबा! लोकं बसले आहेत न त्याच्यात!"

ट्रॅक्टरवाल्यानं माह्याकडे पाह्यलं, मी त्याच्याकडे. त्यानं दोर सोडला.

आता कालचं ऐक.

भर दुपार. पान हालत नव्हतं. सिंधू जेवाले हाका मारून राह्यली, "रोशनी! वं रोशनी!" आवाज नाही. मी आंगनात आलो. गाडी चिंचेखाली उभी, बिनबॅटरीची, बोल्ट खोललेली. मी बाजूनंच पाह्यलं पहिले.

ताडपत्री फुगली होती.

हवा नव्हती, सांगतो मी. हवेनं फुगते ती वर फुगते. ही बाजूनं फुगली होती, बाकाच्या उंचीवर. एक गोल, त्याच्या बाजूले एक गोल, मंग अजून एक, ओळीनं. भरल्या गाडीत मानसं पाठ टेकवून बसले की बाहेरून ताडपत्री जशी दिसते तशी. एक लहान होता. लहान लेकराच्या पाठीएवढा.

मी "रोशनी" म्हनून ओरडलो आन त्या साऱ्या पाठी थोड्याशा हालल्या. कोनी हाक मारली की मानसं वळून पाहतात न, तेवढ्या.

मागून गेलो. फळीपाशी उभा राह्यलो. आत बाक खाली. सारेच रिकामे. कोपऱ्यात रोशनी, गुडघे जोडून, खांदे आकसून, बॅग मांडीवर. बाजूले बाकावर तिचा पिवळा स्कार्फ घडी घालून ठेवलेला, आन स्कार्फच्या दोन्ही बाजूले रेग्झिन दबलेली.

"उतर खाली."

"हो बाबा. मधातल्या लोकाईले उतरू द्या न आधी."

"कोन लोकं, रोशनी?"

"त्याईचं गाव नाही आलं अजून," ती म्हनली. हळू म्हनली, कोनी झोपलं असन अशी. "लय वेळचे बसले आहेत बाबा. तुम्ही चालवत काहून नाही?"

मी फळीवर पाय ठेवला आन आत शिरलो. धम्मा, आता जे सांगतो ते म्या सिंधूले नाही सांगितलं. मी वाकून चाललो तसे दोन्हीकडून पाय आवरले गेले. दिसलं काहीच नाही. पन मले वाट देली. भरल्या गाडीत एक मानूस मधातून जाते तेव्हा बाकीचे गुडघे वळवतात, तो चपलांचा आवाज असते न टिनावर, तो आला. गोड लोकं होते ते. कोनी धक्का नाही देला.

रोशनीचा हात धरला आन ओढली. ती आडवी आडवी चालत आली, कोनाच्या पायावर पाय पडू नये अशी. दोनदा "माफ करा" म्हनली.

आम्ही खाली उतरलो. आमच्या मागं, आतून, टिनावर.

धप्प धप्प.

दोन थापा. म्हंजे झालं, निघा.

माहा उजवा पाय जमिनीवर उभा असतांनी दबला, ॲक्सिलेटर दाबल्यावानी. म्या सोता पाह्यलं त्याले दबतांनी.

८

ती घरात आहे. सिंधू संग आहे. तापबिप काही नाही, जेवली, पेपर कसा गेला तेही सांगितलं. तुह्यासाठी मामा मामा करते. पन खाटेवर बसते ते अगदी काठावर, बाकीची खाट सोडून. सिंधू बाजूले बसाले गेली तर "थांब वं आई" म्हने, आन कोनाकडे तरी पाहून म्हनली, "थोडं सरकता का?"

तिले नागपूरले तुह्याकडे पाठवतो म्हनलं. सकाळी फाट्यावर नेली. एसटी आली, खाली होती. ती चढलीच नाही. म्हने, "माही जागा त्या गाडीत आहे." कंडक्टरनं घंटी मारली आन गेला.

स्कार्फ अजून आतच आहे. मी दोनदा गेलो उचलाले. फळीपर्यंत गेलो. जागा धरलेली आहे ती, कोनी उचलू देत नाही असं नाही, मलेच हात पुढे करता येत नाही. आन खरं सांगतो, तिथं उभं राह्यलं की माहे पाय ड्रायव्हरच्या सीटकडे वळतात. त्याईले दुसरं काही नाही पाह्यजे, धम्मा. त्याईले ड्रायव्हर पाह्यजे. मी त्याईले बसा म्हनलं, ते बसले. आता मी गाडी काढत नाही म्हून थांबले आहेत, आन थांबल्या थांबल्या माही पोट्टी त्याईच्यात मोजली.

कोन्त्या गाडीतून काढलं, त्याच्यात किती लोकं बसले होते, ते मले नको सांगू. मले ऐकायचं नाही. ते तुले मालूम असन, नसन तर पता लाव, आन जिथून आनलं तिथं नेऊन ठेव.

टॅपेटचा पाना नको आनू. पोट्टे नको पाठवू. मोटरसायकल घेऊन ये, चारचाकीनं येशीन आन कोनी हात दाखवला तर तू थांबशीन, तुह्ये पाय माह्यासारखेच आहेत. आंगनात आला की कोनाले या, बसा, काहीच म्हनू नको. मलेही नको म्हनू.

बोल्ट म्या खोलून ठेवले आहेत. तू बसवलं, तूच काढ.

आजच निघ.